माझ्यासाठी धरलेला मावशीचा उपवास

डॉक्टरांनी आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, “टाइप वन डायबिटीस आहे. हिला आता रोज इन्शुलिन घ्यावं लागेल. कायमचं.”

आईने फक्त शेवटचा शब्द धरला. “कायमचं म्हणजे किती दिवस, साहेब?”

डॉक्टर हसले नाहीत. याबद्दल मी त्यांची आजही आभारी आहे. त्यांनी स्टूल ओढलं आणि आईला समजेल असं सांगितलं. आपण जे खातो त्याची रक्तात साखर होते. ती साखर शरीराला वापरता यावी म्हणून पोटातला स्वादुपिंड नावाचा अवयव इन्शुलिन तयार करतो. माझ्या शरीराने ते तयार करणं जवळजवळ थांबवलं होतं. मोठ्या वयात होतो आणि पुष्कळदा गोळ्यांवर भागतो तो टाइप टू. माझा तसा नव्हता. मला सुईच लागणार होती.

“माझ्या पोरीनं कधी गोड जास्त खाल्लं न्हाई,” आई म्हणाली.

“गोड खाऊन होत नाही हा. तिची काही चूक नाही.”

हे वाक्य मी ऐकलं, पण त्यावर माझा विश्वास बसला नाही. पुढचं सगळं त्यातूनच घडलं, म्हणून आधी तेच सांगते.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. गाव वालूरच्या पुढे, आणि मी शिकायला परभणीला वसतिगृहात राहते. मी शाळेत होते तेव्हा आम्ही प्रभू येशूच्या मागे चालायला लागलो. गावात आमची विश्वासणाऱ्यांची सात-आठ घरं आहेत. चर्चची इमारत नाही. सरूमावशीच्या पत्र्याच्या घरात आम्ही जमतो. सरूमावशी माझी सख्खी मावशी नाही. तिनेच आईला पहिल्यांदा प्रार्थनेला नेलं, म्हणून ती मावशी. तिला वाचता येत नाही, त्यामुळे संगतीत, म्हणजे आमच्या प्रार्थनासभेत, शास्त्र म्हणजे बायबल वाचायचं काम लहानपणापासून माझ्याकडे आहे.

आजार दिवाळीच्या आधी सुरू झाला असावा. मला सारखी तहान लागायची. वर्गात बाटली संपायची, खोलीवर आले की पुन्हा तांबेच्या तांबे पाणी. रात्री सारखं बाथरूमला उठावं लागायचं. वजन उतरलं, ड्रेस खांद्यावरून घसरायला लागले.

मी त्या वेळी दर शुक्रवारी उपवास धरत होते. पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही, संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर खायचं. परीक्षा आणि घरची काळजी असं दोन्ही होतं, म्हणून मी बुधवारही धरायला सुरुवात केली. गावी गेले की बाया म्हणायच्या, “बग, पोरगी कशी वाळली उपवासानं. तोंडावर तेज आलंय.” मला ते आवडायचं. मी आजारी पडले होते आणि आम्ही सगळे त्याला भक्ती समजत होतो.

मग एका सकाळी उलट्या सुरू झाल्या आणि श्वास जोरजोरात चालू झाला. माझी खोलीतली मैत्रीण म्हणाली, तुझ्या तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतोय. तिने आणि वॉर्डनबाईंनी मला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिथे कळलं की याला डायबेटिक किटोॲसिडोसिस म्हणतात. म्हणजे रक्तात साखर भरपूर, पण इन्शुलिन नसल्यामुळे शरीराला ती वापरता येत नाही. मग शरीर चरबी जाळायला लागतं आणि रक्त आंबट होत जातं. उशीर झाला तर माणूस जाऊ शकतो. ज्यांच्या घरात एखाद्या मुलाला अशी तहान लागत असेल, वजन उतरत असेल, त्यांनी कृपा करून बोटातलं थेंबभर रक्त तपासून घ्यावं. मी एवढ्यासाठीसुद्धा हे लिहिलं असतं.

वॉर्डात पडल्या पडल्या मी एकच विचार करायचे, माझं काय चुकलं. कोणतं पाप कबूल करायचं राहिलं. आई खाटेखाली चादर टाकून झोपायची. तिची कामं बुडत होती. भेटायला येणारं माणूस जाताना हळूच विचारायचं, “काही राग धरलास का गं कुणाचा? आठवून बग.” मी आठवायचे. आठवलं की काही ना काही सापडतंच.

आमचे पास्टर दर आठवड्याला सेलूहून मोटारसायकलवर येतात. ते भेटायला आले, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि म्हणाले, “काळजी करू नको. मंडळीनं तुझ्यासाठी साखळी धरली आहे.”

साखळी म्हणजे उपवासाची साखळी. आमच्यात कुणी फार आजारी पडलं की एकेक घर एकेक दिवस वाटून घेतं. ज्याचा दिवस असेल त्या घरातलं एक माणूस संध्याकाळपर्यंत काही खात नाही आणि त्या आजाऱ्यासाठी प्रार्थना करतं. एकाचा दिवस संपला की दुसऱ्याचा सुरू. मध्ये खंड पडू द्यायचा नाही.

मला ऐकून रडू आलं, आणि ते फक्त आनंदाचं नव्हतं. वेचणीचे दिवस होते. बाया दिवसभर कापूस वेचत होत्या, आणि त्यातली एक रोज माझ्यासाठी उपाशी होती. मला मात्र सिस्टर घड्याळ बघून खायला लावत होत्या.

त्या सिस्टरांनी मला सगळं शिकवलं. सुई पोटावर कुठे घ्यायची, जागा कशी बदलायची, बोट टोचून साखर कशी बघायची. घरी फ्रिज नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “माठ आहे ना?” मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, छोट्या मडक्यात डब्यात घातलेलं इन्शुलिन, वर ओलं फडकं, आणि सगळं सावलीत. आजही आमच्याकडे तसंच असतं.

त्यांनी हायपोग्लायसेमियाही शिकवला. म्हणजे साखर एकदम खाली जाणं. अंग थरथरतं, दरदरून घाम येतो, छाती धडधडते, माणूस असंबद्ध बोलायला लागतं. लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज द्यायचं. “पण माणूस शुद्धीत असेल, गिळत असेल तरच,” त्या म्हणाल्या. “बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही, श्वासनलिकेत जातं. त्याला कुशीवर वळवायचं आणि दवाखान्यात पळायचं.” मग हसून म्हणाल्या, “स्वतःच्या लग्नात बोहल्यावर उभी राहिलीस तरी ग्लुकोजची पुडी जवळ पाहिजे.”

सुट्टी मिळाल्यावर मी काही दिवस गावी राहिले. सरूमावशी दारातच म्हणाली, “आली का माजी भागीदारीन. आपुन दोघी मिळून साखर कारखाना काढू आता.” मावशीलाही डायबिटीस होता, टाइप टू. ती बरीच वर्षं सकाळी एक गोळी घेत होती. हे मला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं.

शुक्रवार आला. साखळीत तो दिवस मावशीचा होता.

त्या दिवशी मी जेवले ते न्हाणीच्या आडोशाला बसून. कुणी मना केलं नव्हतं. पण जिच्यासाठी बाकीचे उपाशी आहेत तिनेच चारचौघांत भाकरी कुस्करायची, हे मला जमेना. संध्याकाळी मावशीच्या घरी प्रार्थनेला बसले तेव्हा पोट भरलेलं होतं आणि मान वर होत नव्हती.

गाणी झाली, मग पास्टरभाऊंसकट सगळे एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागले. मावशी माझ्यासमोर गुडघ्यांवर होती. तिचे हात थरथरायला लागले. मग खांदे. थंडीचे दिवस असून तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता. ती माझं नाव घेऊन प्रार्थना करत होती, पण शब्द एकमेकांत अडकत होते.

आमच्यात प्रार्थना करताना काहींचं अंग थरथरतं. पवित्र आत्म्याचा स्पर्श झाला असं आम्ही मानतो आणि अशा वेळी कुणी त्या माणसाला हात लावत नाही. मावशी थरथरताना बघून सगळ्यांचा आवाज चढला. आईही डोळे मिटून रडत होती. तिला वाटलं, आता माझी पोरगी बरी होणार.

मला दिसत होतं. सिस्टरांनी सांगितलेलं एकेक लक्षण माझ्यासमोर होतं. ग्लुकोजची पुडी माझ्या मुठीत होती.

मी बोलले नाही. माझ्या मनात आलं, खरंच स्पर्श झाला असेल तर. मी मध्ये हात घातला आणि देवाचं काम थांबलं तर. शिवाय मी कोण, अविश्वासामुळे आजारी पडलेली, पोटभर जेवून आलेली. तीन कडव्यांचं एक गाणं म्हणून होईल एवढा वेळ तरी गेला असेल. तेवढ्या वेळात मावशीला गिळता येत होतं.

मग ती कोसळली. उंबऱ्याच्या दगडावर मनगट आपटलं. मी ओरडले, “तिची साखर उतरलीय.” कुणीतरी धावत साखरेचं पाणी आणलं, पण आता तिला हाक कळत नव्हती. मलाच तो हात धरून अडवावा लागला. तिला देण्यासारखं माझ्याकडे सगळं होतं आणि आता ते देता येत नव्हतं. आम्ही तिला कुशीवर वळवलं. शेजारच्या काकांनी जीप काढली. सेलूला पोचेपर्यंत मी तिच्या नाकापाशी बोट धरून होते.

दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज दिलं. थोड्या वेळाने मावशीने डोळे उघडले आणि विचारलं, “प्रार्थना झाली का?”

तिथल्या डॉक्टर मॅडमनी गोळीचं पाकीट बघितलं. “ही गोळी घेऊन दिवसभर उपाशी? कुणी सांगितलं?” त्या म्हणाल्या, “या गोळीचा असर लांबतो. साखर पुन्हा उतरू शकते. उद्यापर्यंत इथेच ठेवू, आणि दर दोन-तीन तासांनी खायला घाला.” मनगटाला प्लास्टर घालताना त्या पुढे म्हणाल्या, “थरथर सुरू झाली तेव्हाच चमचाभर साखर मिळाली असती तर हे टळलं असतं.” त्या माझ्याकडे बघून बोलल्या नव्हत्या. पास्टरभाऊ दाराशी उभे होते. ते म्हणाले, “मलाबी आत्म्याचाच स्पर्श वाटला.” त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांना कळलं नव्हतं. मला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने घरून उपमा करून आणला. मावशीने तोंड फिरवलं.

“मावशी, खा की थोडं.”

“न्हाई. माजा दिवस तुटला. आज पुन्यांदा धरते.”

“मॅडम रागवायल्यात.”

“रागवू दे. त्या तिकडं कागदं बगायल्यात, त्यांना काय कळतंय. साखळी माज्यापाशीच तुटली. त्यानं तुजी सुई सुटली न्हाई तर?”

सिस्टर येऊन एकदा समजावून गेल्या. आई विनवण्या करून थकली. मावशी भिंतीकडे तोंड करून पडली. तिच्या रक्तातली साखर पुन्हा खाली यायला लागली होती आणि ती हट्टाने माझ्यासाठी उपाशी होती. पुन्हा तेच. या वेळी गप्प बसले तर मला स्वतःला तोंड दाखवता आलं नसतं.

“मावशी,” मी म्हणाले, “माझी सुई सुटणार नाही. तू उपाशी राहिलीस तरी.”

मी हे पहिल्यांदाच मोठ्याने बोलले होते.

“असं बोलू न्हाई लेकरा,” मावशी म्हणाली. मग तोंड भिंतीकडेच ठेवून, “वाच काहीतरी. ती पोरीची गोष्ट वाच.”

ती मावशीची आवडती. सभास्थानाच्या अधिकाऱ्याची बारा वर्षांची मुलगी मरायला टेकलेली असते. येशू निघतो, वाटेत खबर येते की ती गेली, घरी रडारड चाललेली असते. तो आत जातो, तिचा हात धरतो, तिला ऊठ म्हणतो, आणि ती उठून चालायला लागते. मी हे संगतीत कितीतरी वेळा वाचलं आहे. मुलगी उठली की घरात एवढा जल्लोष होतो, टाळ्या वाजतात, गाणं सुरू होतं, की मी तिथेच थांबते. थांबावंच लागतं.

वॉर्डात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यामुळे माझे डोळे पुढे गेले आणि मी उरलेलं वाचलं. तिथे लिहिलं होतं की मग त्याने घरच्यांना सांगितलं, हिला काहीतरी खायला द्या.

मी थांबले. मावशीने मान वळवली.

“काय म्हनला?”

“तिला खायला द्या म्हणाला.”

“कोन? येशूच?”

“हो. तोच.”

मावशी छताकडे बघत होती. “म्हंजी पोरगी उठली म्हणून घरचे नाचायले असतील समदे. भूक लागली आसंल हे कुणाच्या ध्यानातच न्हाई.”

“हो.”

“आन त्याच्या ध्यानात.”

मग ती म्हणाली, “दे तो उपमा. थंडगार झाला आसंल आतापस्तोर.” उजव्या हाताला प्लास्टर होतं, म्हणून मी भरवलं. ती तोंडात घास घेऊनच म्हणाली, “तुज्या आईचं मीठ कवाबी कमीच.” आई पदर तोंडाला लावून हसली आणि मग रडली.

मी तेव्हापासून एका गोष्टीचा पुन्हा पुन्हा विचार करते. मी इतकी वर्षं म्हणत होते की मी येशूच्या मागे चालते. पण मी ज्याच्या मागे चालत होते तो आमच्या वसतिगृहात हजेरी घेणाऱ्यासारखा होता. कोण उपाशी राहिलं, कोण चुकलं, हे बघणारा, आणि बरं करायचं की नाही ते त्यावरून ठरवणारा. त्याला खूश ठेवायचं म्हणून मी आजारी अंगाने उपवास धरले, आणि त्याच्याच भीतीने त्या शुक्रवारी मूठ उघडली नाही. शास्त्रात लिहिलेला येशू कोण आहे हे मला खरंच ठाऊक असतं, तर मला विचार करावाच लागला नसता. त्या घरात मावशीच्या तोंडात साखर घालावी असं सगळ्यांत जास्त त्यालाच वाटलं असतं.

पुढच्या शुक्रवारी साक्ष, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते, सांगायची वेळ आली तेव्हा मी उभी राहिले. मी म्हणाले की मी बरी झालेली नाही, मला कायम सुई लागणार आहे. मावशी थरथरत होती तेव्हा मला कळलं होतं आणि मी गप्प बसले, हेही सांगितलं. माझ्यासाठी आता कुणी उपाशी राहू नये, प्रार्थना मात्र करावी, अशी विनंती केली.

मागून एक काकू म्हणाल्या, “कालिजात गेल्यावर असंच व्हायलंय. इश्वास कमी अन् बोलनं जास्त.” त्यांचं सगळंच चुकीचं असेल असं मला वाटत नाही. पण पास्टरभाऊ उभे राहिले आणि म्हणाले, “गोळी, सुई घेणाऱ्यांनी उपवास धरायचा नाही. आणि प्रार्थनेत कुणाला घाम फुटला, तोल गेला तर आधी हात लावून बघायचं. देव रागवत नाही त्यानं.” आता मावशीच्या कोनाड्यात शास्त्राशेजारी साखरेचा डबा असतो. साखळी अजून चालते, ज्यांना झेपतं ते धरतात. मी त्याला वाईट म्हणत नाही. कुणीतरी माझ्यासाठी उपाशी राहिलं ते प्रेमच होतं.

माझा दिवस आता सुईने सुरू होतो. आधी मी ती शिक्षा म्हणून टोचून घ्यायचे. आता मडक्यावरचं फडकं ओलं करते, साखर बघते, सुई घेते आणि वेळेवर जेवते, चारचौघांत बसून. त्याच्या मागे चालणं माझ्यासाठी रोज इथून सुरू होतं. असा आजार घेऊन कुणी अपराधीपणाने बसलं असेल, तर त्यांना मला एवढंच सांगता येईल की औषध घेताना तुम्ही त्याच्यापासून दूर जात नाही.

अपराधीपणा गेला असं मी म्हणणार नाही. मावशीची या वर्षीची वेचणी गेली. प्लास्टर निघालं, पण थंडीत मनगट दुखतं आणि मूठ पूर्ण वळत नाही. मी गावी गेले की तिची वेणी घालते, भाकरी थापून देते. मी माफी मागितली तेव्हा ती म्हणाली, “तू बी घाबरलेलं लेकरूच की.” एवढंच. मला त्याहून जास्त हवं होतं का, माहीत नाही.

मागच्या शनिवारी मी दुपारची तिच्याकडे गेले, ताटात भाकरी मोडून दिली आणि समोर बसले. तिने घास हातात घेतला, तोंडापाशी नेला, आणि तसाच खाली ठेवला.

“तू खाल्लीस का?” मावशीने विचारलं.

मी माझं ताट आणायला उठले.